सत्तर लिटरांचा आक्षेप : मूत्रपिंडाच्या गाळणीचा इतिहास

मूत्रपिंडाला शरीराची गाळणी म्हणण्याचा प्रघात शालेय पुस्तकांपासून रूढ आहे. उपमा सोयीची आहे. परंतु बारकाईने पाहिली तर ती थोडी फसवी आहे. स्वयंपाकघरातील गाळणी चोथा वर अडवते आणि चहा खाली सोडते. टाकायचे ते वर, हवे ते खाली. मूत्रपिंडात रक्तपेशी आणि प्रथिने वर राहतात हे खरे. पण खाली जे उतरते त्यात युरियासारख्या त्याज्य पदार्थांबरोबर पाणी, मीठ, साखर आणि अमिनो आम्ले असे शरीराला प्राणाइतके मोलाचे धनही असते. ते सारे खाली सोडून दिले जाते आणि मग त्यातील बहुतेक सगळे परत उचलून घेतले जाते. गाळणे ही या कार्याची अर्धी बाजू. परत घेणे ही उरलेली अर्धी. ही दुसरी बाजू खरी आहे की कल्पित, यावर युरोपातील थोर शरीरशास्त्रज्ञांत सुमारे ऐंशी वर्षे वाद चालला. त्या वादाचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ज्यांच्या घरात रक्त तपासणीचे अहवाल कपाटात जपून ठेवावे लागतात, त्यांना त्या अहवालातील एका आकड्याचा अर्थही यातून उलगडेल, असे आम्हांस वाटते.

आरंभ आपल्याकडील एका दृष्टान्ताने करणे उचित होईल. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, अश्मरीच्या म्हणजे मुतखड्याच्या प्रकरणात, बस्ती मूत्राने कसा भरतो हे सांगताना नव्या घड्याचा दाखला दिला आहे. मातीचा कोरा घडा तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला, तर तोंडातून पाणी आत न जाताही तो अंगाने झिरपून भरतो. त्याप्रमाणे असंख्य सूक्ष्म वाहिन्यांवाटे बस्ती भरतो, असा त्याचा आशय. उन्हाळ्यात माठाला सुटणारा पाझर ज्याने पाहिला आहे, त्याला या निरीक्षणाचे मर्म वेगळे सांगावयास नको. मात्र यावरून आपल्या पूर्वसूरींना सारे ठाऊक होते, असा दावा करणे योग्य नव्हे. त्याच संहितेत वृक्कांचा संबंध मूत्राशी नव्हे, तर मेदाशी जोडलेला आहे. चरकसंहितेतही वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे मूळ मानले आहे. झिरपण्याची क्रिया कल्पिली होती, ती कोठे घडते हे सापडले नव्हते. पश्चिमेकडे दुसऱ्या शतकात गेलेनने जिवंत प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या बांधून मूत्र मूत्रपिंडातूनच खाली येते हे सिद्ध केले. त्याला स्थान गवसले; पण क्रियेविषयी मात्र मूत्रपिंडात मूत्र ओढून घेण्याची एक शक्ती असते, एवढेच सांगून त्याला थांबावे लागले.

पुढील सुमारे चौदाशे वर्षांत या ज्ञानात मोठी भर पडली नाही. मूत्रपिंडाचा गर म्हणजे गोठल्यासारखे भरीव मांस, अशी समजूत चालत राहिली. ती मोडली अवघ्या १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने. लोरेन्झो बेलिनी या इटालियन तरुणाने १६६२ साली मूत्रपिंडाच्या रचनेवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. हा गर भरीव नसून अत्यंत बारीक नळ्यांचा जुडगा आहे, हे त्याने दाखविले. मूत्रपिंड दाबल्यावर त्या नळ्यांच्या तोंडांतून पाझरलेले द्रव त्याने चाखूनही पाहिले आणि त्याला खारट चव लागली. चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पुढचे पाऊल टाकले. मद्यार्कात मिसळलेले काळे द्रव त्याने मूत्रपिंडाच्या रोहिणीत सोडले, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना लगडलेले असंख्य काळे कण त्याला दिसले. झाडाला लटकलेल्या सफरचंदांची उपमा त्याने त्यांना दिली. पाच वर्षांपूर्वी बेडकाच्या फुप्फुसातील केशिका प्रथम पाहणारा हाच तो माल्पिघी. या फळांचा आणि बेलिनीच्या नळ्यांचा काही संबंध असला पाहिजे, अशी त्याची खात्री होती. पण पुष्कळ प्रयत्न करूनही तो जोड त्याला प्रत्यक्ष दाखविता आला नाही. तो पावणेदोनशे वर्षे तसाच राहिला.

१८४२ या वर्षाचे महत्त्व येथे आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील विल्यम बोमन आणि जर्मनीतील मारबुर्ग येथील कार्ल लुडव्हिग हे दोघेही १८१६ साली जन्मलेले, म्हणजे दोघेही २५ वर्षांचे. दोघांनीही एकाच वर्षी, परस्परांच्या कामाची माहिती नसताना, मूत्रपिंडावर निबंध सादर केले.

बोमनने रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव्ये भरून आणि उत्तम सूक्ष्मदर्शक वापरून माल्पिघीला न सापडलेला जोड दाखवून दिला. प्रत्येक फळ म्हणजे केशिकांचा एक गुंतवळा आहे आणि मूत्रनलिकेचे टोक फुगून, पेल्यासारखे होऊन, त्या गुंतवळ्याला वेढून बसते. या गुंतवळ्याला आज ग्लोमेरुलस किंवा केशिकागुच्छ म्हणतात आणि पेल्याला बोमन संपुट. रचना कळल्यावर बोमनने कार्याचाही तर्क केला. त्याच्या मते केशिकागुच्छातून केवळ पाणी झिरपते. युरिया आणि इतर त्याज्य द्रव्ये नलिकेच्या भिंतीतील पेशी रक्तातून वेचून त्या पाण्यात टाकतात आणि पाणी ती धुऊन नेते. म्हणजे निवड आधी, आणि ती पेशींनी केलेली.

लुडव्हिगने अगदी उलट बाजूने विचार केला. जिवंत देहातील व्यापारही पदार्थविज्ञानाच्या नियमांनीच उलगडले पाहिजेत, असा आग्रह धरणाऱ्या पिढीचा तो अग्रणी होता. त्याचे म्हणणे असे की, हृदयाच्या दाबाने रक्तातील द्रव केशिकांच्या भिंतीतून ढकलला जातो; प्रथिने तेवढी मागे राहतात, बाकी सारे विरघळलेले पदार्थ पाण्याबरोबर संपुटात उतरतात. पुढे नलिकेतून वाहताना त्यातील बरेचसे पाणी रक्तात परत जाते आणि उरते ते मूत्र. येथे वेचणारी पेशी नाही, केवळ दाब आणि शोषण आहे. वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यामुळे मूत्रपिंडापुरता उरला नाही. जिवंत पेशी स्वतःच्या शक्तीने काही करते, की ती निसर्गाच्या सामान्य बलांची वाट तेवढी आहे, हा तो प्रश्न होता.

या वादात सर्वांत समर्थ आक्षेप घेतला तो ब्रेस्लाउ (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी. १८७४ साली त्यांनी सशाच्या रक्तात निळा रंग सोडून एक प्रयोग केला. मज्जारज्जू छेदून रक्तदाब उतरविलेला होता. रंग नलिकांच्या पेशींत दिसला; केशिकागुच्छात त्याचा मागमूसही नव्हता. पेशी रंग वेचतात, हे डोळ्यांनी दिसत होते. त्यानंतर १८८३ साली त्यांनी एक हिशेब मांडला, आणि आमच्या मते तोच या इतिहासाचा मध्यबिंदू आहे. माणूस दिवसाकाठी सुमारे ३५ ग्रॅम युरिया बाहेर टाकतो, असे त्यांनी धरले. रक्तात युरियाचे प्रमाण सुमारे ०.०५ टक्के. तेव्हा लुडव्हिग म्हणतो त्याप्रमाणे सारा युरिया केवळ गाळण्याने बाहेर पडत असेल, तर रोज ७० लिटर द्रव गाळले गेले पाहिजे! माणसाचे मूत्र तर दिवसाला दोन लिटरांच्या आतच भरते. मग उरलेले अडुसष्ट लिटर परत शोषले जातात, असे मानावे लागेल. ज्याला परतच घ्यायचे त्याला आधी बाहेर टाकावे कशाला? इतका व्यर्थ खटाटोप निसर्ग करील, हे बुद्धीला पटेना. हिशेबात चूक नव्हती. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे लुडव्हिगचा पक्ष मागे पडला.

अर्थात त्याला पाठीराखे उरलेच नाहीत असे नव्हे. १९१७ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या आर्थर कुश्नी यांनी मूत्राच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहून तोवरच्या साऱ्या पुराव्याची छाननी केली आणि गाळणे व परत घेणे या मताची नव्याने मांडणी केली. 'जीवनशक्ती' हा शब्द अज्ञान झाकण्यासाठी वापरला जातो, असा त्यांचा रोख होता. तथापि युक्तिवाद कितीही चांगला असला, तरी संपुटात नेमके काय उतरते हे कोणी पाहिले नव्हते. वाद मिटविण्याचा एकच मार्ग होता : त्या पेल्यातील द्रव काढून तपासणे.

ते काम अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स आणि त्यांचे तरुण सहकारी जोसेफ वर्न यांनी केले. बेडकाचे मूत्रपिंड पातळ असते. त्याच्या पृष्ठभागाजवळील केशिकागुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत स्थितीत, रक्त वाहत असताना, पाहता येतात. काचेची केसाहून बारीक नळी करून, हात न कापू देता, ती एका संपुटात खुपसायची आणि आतील द्रव ओढून घ्यायचे. संपुटाचा व्यास मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढा, आणि मिळणारे द्रव एका थेंबाच्याही क्षुल्लक भागाएवढे. इतक्या अल्प द्रवाची रासायनिक परीक्षा करण्याच्या पद्धतीही त्यांना स्वतःच बसवाव्या लागल्या. १९२४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. संपुटातील द्रवात प्रथिने नव्हती, परंतु साखर होती आणि क्लोराइडही होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात मात्र ही दोन्ही नव्हती. म्हणजे साखर वरून खाली उतरली होती आणि वाटेत कोठेतरी परत घेतली गेली होती. ८२ वर्षांपूर्वी २५ वर्षांच्या लुडव्हिगने केलेला तर्क एका बेडकाने खरा ठरविला.

पण मग हायडेनहाइन यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या निळ्या रंगाचे काय? इतिहास एखाद्याला सर्वस्वी बरोबर आणि दुसऱ्याला सर्वस्वी चूक ठरवून मोकळा होतो, असे क्वचितच घडते. बाल्टिमोरच्या ई. के. मार्शल यांनी समुद्रातील काही मासे निवडले, ज्यांच्या मूत्रपिंडात केशिकागुच्छच नसतात. गाळणीच नाही, तरी या माशांना मूत्र होते! नलिकेच्या पेशी काही द्रव्ये स्वतः रक्तातून घेऊन बाहेर टाकू शकतात, हे त्यामुळे निर्विवाद झाले. आपल्याही मूत्रपिंडात पेनिसिलिनसारखी काही औषधे बव्हंशी याच मार्गाने बाहेर पडतात. तेव्हा क्रिया तीन ठरल्या : गाळणे, परत घेणे आणि वेचून टाकणे. बोमनची वेचणारी पेशी आणि लुडव्हिगचा दाब एकाच नलिकेत शेजारी शेजारी नांदत होते.

राहिला प्रश्न प्रमाणाचा. न्यूयॉर्कच्या होमर स्मिथ यांनी आणि त्याच सुमारास इतरांनीही १९३० नंतरच्या दशकात इन्युलिन नावाचा पदार्थ हाताशी धरला. हा डेलियासारख्या झाडांच्या कंदांत सापडणारा पिष्टासारखा पदार्थ. रक्तात सोडल्यावर तो केशिकागुच्छातून मुक्तपणे गाळला जातो. नलिका त्याला परत घेत नाही आणि वेचून टाकतही नाही. त्यामुळे मूत्रात तो किती उतरला यावरून एकूण किती द्रव गाळले गेले, हे काढता येते. निरोगी तरुण माणसात उत्तर आले मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १८० लिटर. हायडेनहाइन यांनी अशक्य म्हणून मांडलेला सत्तर लिटरांचा आकडा अशक्य तर नव्हताच, उलट तो निम्म्याहूनही कमी निघाला. आपल्या शरीरातील रक्तद्रव अवघा तीन लिटरांच्या आसपास. तो दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो. त्यातून रोज जवळजवळ दीड किलो मीठ आणि १८० ग्रॅम साखर खाली उतरते. यातील साखर संपूर्ण आणि मीठ व पाणी ९९ टक्क्यांच्या आसपास परत घेतले जाते.

इतका खटाटोप कशासाठी, हा हायडेनहाइन यांचा प्रश्न मात्र अजून उभाच आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. दिवाळीच्या आधी घर झाडण्याची जुनी रीत वाचकांनी आठवावी. अडगळ शोधत फडताळे धुंडाळण्याऐवजी सारे सामान अंगणात काढायचे आणि जे आपले, जे उपयोगाचे, तेवढेच परत आत न्यायचे. टाकाऊ वस्तू कोणकोणत्या आहेत याची यादी लागत नाही. हव्या असलेल्या वस्तूंची ओळख पुरते. मूत्रपिंडाचे शहाणपण नेमके हेच आहे. अन्नातून, वनस्पतींतून, औषधांतून देहाने पूर्वी कधी न पाहिलेली द्रव्ये रक्तात येतात. ती प्रत्येक ओळखून वेचणे असंभव. परंतु ती लहान कणांची असली, म्हणजे गाळून खाली उतरतात आणि त्यांना आत नेणारा कोणी नसल्यामुळे वाहून जातात. ज्याला व्यर्थ खटाटोप म्हटले गेले, तीच सुरक्षिततेची हमी ठरली.

आता या यंत्राच्या घडणीकडे वळू. गाळणारे एकक म्हणजे नेफ्रॉन : एक केशिकागुच्छ, त्याभोवतीचे संपुट आणि त्यापुढील काही सेंटिमीटर लांबीची नलिका. सुमारे १५० ग्रॅम वजनाच्या एका मूत्रपिंडात अशी सरासरी दहा लाख एकके असतात. काहींत याहून पुष्कळ कमी, काहींत दुप्पटही. ही संख्या जन्मापूर्वीच ठरते. त्यानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत, आणि कमी वजनाच्या बाळाला ते बहुधा कमीच लाभतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग या दोन लहान अवयवांकडे वळतो. गुच्छात रक्त आणणारी आणि त्यातून रक्त बाहेर नेणारी अशा दोन्ही वाहिन्या रोहिणीच असल्यामुळे आतील दाब इतर केशिकांपेक्षा अधिक राहतो, आणि तोच द्रवाला ढकलतो. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने गाळणीचे तीन थर दाखविले : छिद्रे असलेली केशिकेची भिंत, मधला तलपटल, आणि बाहेरून बोटांत बोटे गुंफावीत तशा पायांनी केशिकांना कवटाळणाऱ्या पेशी. त्या पायांमधील फटींवर ताणलेल्या नाजूक पडद्यातील नेफ्रिन हे प्रथिन १९९८ साली कार्ल त्रिगव्हासोन यांच्या गटाने शोधले. ते जन्मतःच सदोष असलेल्या बालकांच्या मूत्रातून प्रथिने सतत गळत राहतात, यावरून या पडद्याचे मोल कळते.

संपुटातून निघालेली नलिका आधी वळणे घेते. तेथेच सारी साखर आणि पाणी व मीठ यांचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत जातो. पुढे ती केसाच्या आकड्यासारखी खोल उतरून परत वर येते. हा फेरा याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये वर्णिला, पण त्याचे प्रयोजन कळण्यास जवळपास नव्वद वर्षे लागली. बाझेल येथील वेर्नर कून या रसायनशास्त्रज्ञाने, समोरासमोर उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन प्रवाहांत थोडा फरक पायरीपायरीने मोठा करता येतो, या तत्त्वाने तो उलगडला. १९५१ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मूत्रपिंडाच्या कापांवर त्याचा पुरावा दिला. या फेऱ्यामुळे मूत्रपिंडाचा खोल भाग अतिशय खारट होतो, आणि त्या खारटपणाच्या ओढीने शेवटचे पाणी मूत्रातून काढून घेता येते. उन्हाळ्यात पाणी न पिता दिवस काढावा लागला तर जीव तगतो, तो या फेऱ्याच्या बळावर.

या इतिहासाचा आपल्या घरांशी असलेला संबंध सांगून लेख पुरा करू. प्रयोगशाळेच्या अहवालात क्रिएटिनिनच्या खाली आता 'ईजीएफआर' असा आकडा येतो. इन्युलिन टोचून जे मोजले जाई, त्याचाच तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला अंदाज आहे : सारी एकके मिळून मिनिटाला किती द्रव गाळतात. तरुणपणी शंभरच्या वर असलेला हा आकडा वयानुसार हळूहळू उतरतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर वैद्य त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. काही एकके गेली की उरलेली अधिक काम अंगावर घेतात. म्हणूनच बरीच हानी होईपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वाट न पाहता तपासणी करून घ्यावी लागते. मूत्रातील प्रथिनाची परीक्षाही तितकीच महत्त्वाची. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली, मूत्र तापवून त्यात गोठणारे प्रथिन आणि अंगावरची सूज यांचा मूत्रपिंडाच्या रोगाशी संबंध दाखविला होता. गाळणीला भोक पडल्याची ती खूण.

परत घेण्याच्या क्रियेच्या ज्ञानातून एक औषधही हाती आले आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन हा पदार्थ निघाला, आणि तो दिल्यावर कुत्र्याच्या मूत्रात साखर उतरते, हे योझेफ फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये पाहिले. साखर परत उचलणाऱ्या दारालाच त्याने कडी लागते. त्याच धर्तीवर तयार केलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे २०१२ पासून मधुमेहावर वापरात आली आणि ती मूत्रपिंडाचा ऱ्हासही मंदावतात, असे २०१९ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले. माल्पिघीच्या सफरचंदांना सफरचंदाच्याच झाडाने हात द्यावा, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो.

मूत्रपिंड पूर्ण थकले तर डायलिसिसचा आधार असतो. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, जर्मनव्याप्त हॉलंडमधील काम्पेन या गावी, फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून ते यंत्र उभारले. यंत्र रक्तातील विष काढते, जादा पाणी काढते, आणि त्याने असंख्य प्राण वाचले आहेत. पण आठवड्यातून तीनदा, चार चार तास चालणारे ते यंत्र गाळणीचे काम तेवढे करते. अंगणात काढलेल्या सामानातून काय आत न्यायचे आणि किती, हा क्षणोक्षणीचा निर्णय त्याला घेता येत नाही. म्हणून तर त्या रुग्णाला मीठ, पाणी आणि फळेसुद्धा मोजून घ्यावी लागतात. नलिकेने मुकाट्याने केलेले काम आता घरच्यांना वाटी आणि पेला हाती घेऊन करावे लागते. ज्या घराने हे पाहिले आहे, त्याला परत घेण्याचे मोल कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक कळलेले असते.

हायडेनहाइन यांच्याविषयी मात्र मनात किंतू ठेवू नये. त्यांनी आक्षेप मोघम ठेवला नाही. तो आकड्यात मांडला. मोघम आक्षेपाचे खंडनही होत नाही आणि मंडनही. सत्तर लिटर हा आकडा त्यांनी कागदावर ठेवला म्हणूनच, पुढे जेव्हा खरे माप हाती आले, तेव्हा आपण काय अशक्य मानीत होतो हे साऱ्यांना स्वच्छ दिसले.